तोर्नेत्रेस्कच्या काठचे पाइन

सोमवार, रात्रगाडीत

स्टॉकहोमहून नॉर्वेतल्या नार्विककडे जाणारी गाडी संध्याकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर स्वीडनमधल्या आबिस्कोला पोचवते. ऑगस्टचा पहिला पंधरवडा. डब्यात पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या लादलेली डोंगरवेडी मंडळी होती, आणि आमच्या बर्थखाली निळ्या प्लॅस्टिकच्या नळ्या, कागदी स्ट्रॉंचे गठ्ठे आणि बोअररची, म्हणजे खोडातून लाकडाची बारीक कांडी काढायच्या अवजाराची, लांबट पेटी. भाची स्वीडनमध्ये वृक्षवलयांवर पीएच.डी. करते. मी साताऱ्यात कॉलेजमध्ये वनस्पतीशास्त्र शिकवते. यंदा तिच्या फील्डवर्कला नोंदी लिहायला एक जास्तीचा माणूस हवा होता. तिच्या मार्गदर्शकांनी मावशी चालेल म्हटलं आणि मी सुट्टी टाकली.

खोडातलं एक कडं म्हणजे एक वर्ष, हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. त्यापुढचं मात्र, म्हणजे त्या कड्यांवरून हजार वर्षांपूर्वीचा उन्हाळा किती उबदार होता हे कसं सांगतात, ते कुणी विचारलं तर माझं उत्तर दोन वाक्यांत संपायचं. ते नीट समजून घ्यायचं म्हणूनच मी निघाले होते.

मंगळवार, आबिस्को

सकाळी जाग आली तेव्हा खिडकीबाहेर स्प्रूस आणि पाइन, पाइन आणि स्प्रूस. तासन्‌तास तेच. आर्क्टिक वृत्त ओलांडल्यावर झाडं आखूड होत गेली, मधल्या दलदली वाढत गेल्या. किरुनाला गाडी बराच वेळ थांबली. इथल्या लोखंडाच्या खाणीमुळे जमीन खचते, म्हणून गावाचा मोठा भाग सरकवणं चाललं आहे. 1912 सालचं लाकडी चर्चसुद्धा 2025 च्या ऑगस्टमध्ये चाकांवर चढवून पाच किलोमीटर दूर नव्या गावात नेलं. आमच्या समोरून खनिजाची मालगाडी गेली. 68 वाघिणी, पाऊण किलोमीटर लांब. ही रेल्वे 1903 मध्ये झाली ती याच खनिजासाठी, कारण नार्विकचं बंदर हिवाळ्यातही गोठत नाही.

किरुनानंतर उजव्या हाताला तोर्नेत्रेस्क सरोवर दिसायला लागतं आणि सुटता सुटत नाही. सत्तर किलोमीटर लांब आहे. पूर्वेच्या टोकाकडे काठाला पाइन दिसतात, एकेकटे, वर घुमटासारखे पसरलेले. पश्चिमेला जावं तसे ते विरळ होतात आणि आबिस्कोजवळ जिकडेतिकडे बुटका, वाकडातिकडा डोंगरी बर्च.

आबिस्कोचं संशोधन केंद्र 1913 पासून रोज हवामान नोंदतं. त्याआधीचं केंद्र थोडं पश्चिमेला होतं, ते 1910 मध्ये जळालं. इथला जुलै सरासरी 11-12 अंशांचा, म्हणजे आपल्याकडच्या थंडीतल्या पहाटेएवढा, आणि हा वर्षातला सगळ्यात उबदार महिना. पाऊस-बर्फ मिळून वर्षाला जेमतेम 300 मिलिमीटर. पश्चिमेच्या डोंगररांगा ढग अडवतात. माझ्या मनात लगेच माण तालुका आला. तिथं याहून जास्त पडतो आणि तरी आपण त्याला दुष्काळी म्हणतो. इथं मात्र पायाखाली पाणीच पाणी, कारण ते वाफ होऊन उडून जाण्याइतकी ऊब नाही.

संध्याकाळी जेवताना मी भाचीला हेच विचारलं. 300 मिलिमीटर पावसात झाडाचं वलय पावसाची नोंद का ठेवत नाही?

"कारण त्याला पाणी कमी पडतच नाही, मावशी. कमी पडते ती ऊब. झाडाला ज्याची टंचाई, तेच त्याच्या वलयात उतरतं."

या सगळ्या शास्त्राचा पाया हाच आहे. झाड वाढायला पाणी, ऊन, ऊब, अन्नद्रव्यं, सगळंच लागतं. मध्यम हवेच्या प्रदेशात कधी एक कमी पडतं, कधी दुसरं, आणि वलयात सगळ्यांची सरमिसळ होते. ती सोडवायची कशी? झाड जिथं जेमतेम तग धरतं तिथं, म्हणजे थंडीच्या किंवा कोरडेपणाच्या अगदी सीमेवर, एकाच गोष्टीचा जोर इतका असतो की बाकीच्यांचा आवाज दबतो. म्हणून हवामान शोधणारे लोक भरघोस जंगलात न जाता अशा कडेच्या झाडांकडे येतात. इथलं पाइन साधारण जूनच्या मध्याला वाढायला लागतं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला त्याची रुंदी वाढायची थांबते. वर्षाचे दहा-साडेदहा महिने त्या लाकडाची रुंदी वाढतच नाही. वाढते ती त्या सहा-सात आठवड्यांत.

त्यामुळे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची: ही वलयं उन्हाळ्याबद्दल बोलतात. एखादा हिवाळा कितीही कडक गेलेला असो, त्याबद्दल पाइन जवळजवळ मुकं आहे. वर्तमानपत्रात 'हजार वर्षांचं तापमान' असा मथळा येतो, तेव्हा यातला 'उन्हाळ्याचं' हा शब्द बहुतेक वेळा गळालेला असतो.

बुधवार, पाइनच्या काठाला

सकाळी गाडीनं पूर्वेकडे. किरुना ते नार्विक हा डांबरी रस्ता 1984 मध्ये झाला. त्याआधी इथं यायला रेल्वेशिवाय मार्ग नव्हता. वाटेत रेनडियरचा एक कळप रस्त्यावर ठाण मांडून बसला होता, त्यात पंधरा मिनिटं गेली.

आबिस्कोचं राष्ट्रीय उद्यान 1909 चं, युरोपातल्या पहिल्या काही उद्यानांपैकी. उद्यानात झाडाला हात लावायचा नाही. आमची परवानगी बाहेरच्या ठरावीक तुकड्यांची होती. झाडं निवडण्यातच पहिला तास गेला. जुनं पाइन उंचीवरून ओळखू येत नाही. वरचा शेंडा सपाट झालेला, फांद्या जाड आणि खाली वळलेल्या, सालीच्या रुंद तकटांचा तांबूस-करडा रंग, अशा खुणा बघतात. चारशे वर्षांचं म्हणून दाखवलेलं एक झाड आमच्या वाड्यातल्या फणसापेक्षाही बारीक होतं.

बोअरर म्हणजे पोकळ पोलादी नळी. टोकाला धारदार पेच, मागे आडवा दांडा. प्रेसलर नावाच्या जर्मन वनशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात तो घडवला आणि मूळ कल्पनेत आजवर फारसा बदल झालेला नाही. छातीच्या उंचीवर, खोडाला काटकोनात टेकवायचा, आणि पहिले काही फेरे अंगाचा भार देऊन फिरवायचे. धार एकदा लाकडात रुतली की तो आपणहून आत ओढला जातो. उतारावरच्या झाडाला चढाच्या किंवा उताराच्या बाजूनं भोक पाडत नाहीत, कारण पाइन उताराकडच्या अंगाला स्वतःला सावरायला वेगळंच जाड लाकूड घालतं आणि तिथली वलयं फुगलेली असतात. म्हणून आडव्या बाजूनं, आणि प्रत्येक झाडाच्या दोन बाजूंनी.

"मावशी, खांदे सैल सोड. हातानं नको, कमरेतून फिरव."

निम्म्यावर गेल्यावर नळी करकरायला लागली, मग प्रत्येक फेऱ्याला चीं असा बारीक आवाज. गाभ्यापर्यंत पोचल्यावर नळीत लांब पत्र्याची पट्टी सरकवायची, दांडा अर्धा फेरा उलटा फिरवून कांडी मोडून घ्यायची, आणि पट्टी हळूच ओढायची. पाच मिलिमीटर जाडीची कांडी बाहेर आली. सालीकडचा भाग ओलसर, फिकट पिवळा; आतला गाभा तांबूस; आणि राळेचा असा घमघमाट की दिवसभर हाताला राहिला. साध्या डोळ्यांनी बाहेरच्या टोकाची वलयं मोजता येईनात, इतकी दाट. गाभ्याजवळची मात्र रुंद होती. झाड तरुणपणी भराभर वाढतं, पुढे घेर वाढतो तसं तेवढंच लाकूड मोठ्या परिघावर पसरतं आणि वलय बारीक होत जातं. हा वयाचा उतार आधी हिशेबातून काढून टाकावा लागतो, नाहीतर प्रत्येक झाड 'पूर्वी उबदार, आता थंड' असंच सांगेल.

भोक तसंच सोडतात. पाइन आतून राळ सोडून ते बुजवतं. मी त्याबद्दल दोनदा विचारलं, कारण मला ते खुपत होतं. पूर्वी भोक पाडलेलं एक झाड भाचीनं दाखवलं. जखमेवर नवी साल आलेली होती आणि शेंडा हिरवागार होता. तेव्हा बरं वाटलं.

कांडी कागदी स्ट्रॉत घालून दोन्ही टोकं चिकटपट्टीनं बंद करायची, वर क्रमांक, बाजू, तारीख. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉत ओलावा कोंडून बुरशी धरते. लिहायचं काम माझं.

दुपारी एका थोराड पाइनपाशी थांबलो. खोडावर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर एक लांबट चौकोनी खाच होती, कडांना लाकूड सुजून आत वळलेलं. सामी लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, झाडात रस चढून साल सुटी होते तेव्हा, आतली कोवळी साल सोलून घेत. ती वाळवून, भाजून खात. सभोवार कधी सोलत नसत, एक पट्टा ठेवत, म्हणून झाड जगत असे. जखमेनंतर किती वलयं चढली ते मोजलं की साल कोणत्या वर्षी काढली ते कळतं. उत्तर स्वीडनमधल्या अशा शेकडो जखमांचा काळ याच पद्धतीनं ठरवला आहे. ही झाडं जपलेली आहेत, त्यांना बोअरर लावायचा नाही. मी नुसता हात ठेवून उभी राहिले. हवामानाच्या नोंदीशी याचा संबंध नाही, पण या काठानं माणसांना काय खायला दिलं याची ही तारीखवार नोंद आहे आणि ती दुसरीकडे कुठंही लिहिलेली नाही.

साताऱ्याहून नेलेली शेंगदाण्याची चटणी कडक राई-ब्रेडवर घालून सगळ्यांना वाटली. पहिली बरणी तिथंच संपली.

गुरुवार, तळ्यातली खोडं

जिवंत झाडं चारशे-पाचशे वर्षं मागे नेतात. उभी वाळलेली, पडलेली झाडं आणखी थोडी मागे. त्यापलीकडे जायचं तर तळ्यात उतरावं लागतं.

या भागात जंगलात लपलेली लहान तळी खूप आहेत. काठचं पाइन वठून पाण्यात कोसळतं, यथावकाश तळाला जातं, गाळात रुततं. पाणी थंड, गाळात प्राणवायू नाही, लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला तिथं थारा नाही. असं खोड हजारो वर्षं पडून राहतं. आजचं काम तेच होतं. रबरी होडीतून दोघं जण, जाड ड्रायसूट घातलेला पाणबुड्या, काठावर हातानं फिरवायचा विंच, आणि डासांपासून वाचायला सगळ्यांच्या डोक्यावर जाळी.

पाणी चहाच्या रंगाचं. पाणबुड्या हातानं चाचपडत खोड शोधतो, दोर बांधतो, आणि काठावरचे विंच फिरवतात. बराच वेळ काहीच हललं नाही. मग गाळ ढवळला आणि काळपट, बिनसालीचं, फांद्यांचे सुळे उरलेलं खोड वर आलं. बाहेरून ते कोळशासारखं. करवतीनं चकती कापली आणि आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. ओलं, घट्ट, वलयं स्पष्ट. नाकाजवळ नेलं तर राळेचा बारीकसा वास अजून होता. एक चकती घेऊन उरलेलं खोड परत पाण्यात सोडलं.

"किती जुनं?" मी विचारलं.

"आज कुणीच सांगू शकणार नाही," भाची म्हणाली.

वास्तविक ती जे सांगत होती ते निराशेचं नव्हतं. या चकतीचा एक तुकडा रेडिओकार्बन चाचणीला जाईल, तिथून काही दशकं इकडेतिकडे असा काळ कळेल. नंतर वलयांचा क्रम जुन्या साखळीशी, म्हणजे अनेक झाडांची वलयं एकमेकांशी जुळवून केलेल्या सलग क्रमाशी, जुळवून नेमकं वर्ष मिळेल. बाहेरचं मऊ लाकूड झिजून गेलेलं असतं, त्यामुळे झाड कोणत्या वर्षी मेलं ते नेमकं सांगता येत नाही. पण शिल्लक असलेलं प्रत्येक वलय नेमक्या एका वर्षाचं ठरतं.

वृक्षवलयांचे अभ्यासक कीथ ब्रिफा आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये याच भागातल्या पाइनवरून 1400 वर्षांच्या उन्हाळ्यांचं तापमान मांडलं. 2002 मध्ये आबिस्को केंद्रात काम केलेल्या होकान ग्रुड यांच्या चमूनं तोर्नेत्रेस्कची साखळी 7400 वर्षांपर्यंत नेली, आणि त्याच वर्षी फिनलंडच्या लॅपलंडमधली साडेसात हजार वर्षांची साखळीही प्रसिद्ध झाली. आपल्या इतिहासाशी ताडून बघायचं तर हडप्पा-मोहेंजोदडोची नगरं उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या एकेका उन्हाळ्याची नोंद हातात आहे. ती गोळा करायला असे किती दिवस आणि किती जणांचे हात लागले असतील, ते विंच फिरवताना नीट समजलं.

शुक्रवार, पाऊस आणि सूक्ष्मदर्शक

सकाळपासून रिपरिप. बाहेरचं काम बंद, म्हणून दिवसभर खोलीत. मला तर हाच दिवस सगळ्यात आवडला.

मागच्या वर्षीच्या वाळलेल्या कांड्या लाकडी पट्टीच्या खाचेत चिकटवलेल्या होत्या, पेशी उभ्या राहतील अशा. मग पॉलिश पेपर, आधी भरड, मग बारीक, मग अतिबारीक. शेवटी पृष्ठभाग काचेसारखा होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी दिसते. जूनमध्ये बनलेल्या पेशी मोठ्या, पातळ भिंतींच्या, फिकट. जुलैअखेर-ऑगस्टमधल्या लहान, जाड भिंतींच्या, गडद. आणि मग एकदम पुन्हा फिकट: मधल्या रेघेत एक अख्खा हिवाळा गेलेला.

जुळवणी कशी करतात ते मी इथं शिकले. एकाच गावातल्या दोन घरांच्या जमाखर्चाच्या वह्या घ्या. दोघांची मिळकत वेगळी, खर्च वेगळा, पण दुष्काळाचं साल दोन्ही वह्यांत खोल खड्डा पाडून जातं. तसे थंड उन्हाळ्यांचे खड्डे. एका झाडात अरुंद, रुंद, रुंद, अतिअरुंद, मध्यम असा क्रम असेल तर शेजारच्या झाडातही तोच सापडतो, आणि पन्नास-शंभर वर्षांचा क्रम योगायोगानं जुळण्याची शक्यता उरत नाही. नुसतं मोजलं तर मात्र फसगत होते. एखाद्या वाईट वर्षी झाड खोडाच्या एका बाजूला वलय घालतच नाही. एक वलय गळलं की त्यामागची सगळी वर्षं एकानं चुकतात. दुसऱ्या झाडाशी ताडल्यावर ते गळलेलं वर्ष उघडं पडतं. ॲरिझोनातले खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस सूर्यावरच्या डागांचा माग काढायला झाडांकडे वळले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ही पद्धत बसवली. आज संगणक हजारो जोड्या क्षणात तपासतो, पण भाचीच्या गटात संगणकानं सुचवलेली प्रत्येक जुळणी माणूस डोळ्यांनी पुन्हा बघतो. मला हे फार पटलं.

मग तिनं 1902 चं वलय दाखवलं. रुंदी अगदीच कमी नव्हती, पण शेवटची गडद कडा जवळपास नव्हतीच, फिकी पडलेली. त्या उन्हाळ्यात उत्तर स्वीडनमध्ये पीक बुडालं आणि पुढचा हिवाळा उपासमारीचा गेला. पेशींच्या भिंती जाड व्हायला उन्हाळ्याच्या उत्तरार्धात ऊब लागते. ती मिळाली नाही की लाकूड हलकं राहतं.

म्हणून रुंदीपेक्षाही घनता मोलाची. रुंदी मुख्यतः जुलैच्या उबेवर ठरते आणि तिच्यात मागच्या वर्षाची शिल्लकही मिसळलेली असते. चांगल्या उन्हाळ्यानंतरचं वर्ष जरा बरं जातं. गडद कडेची कमाल घनता त्या-त्या वर्षाच्या उन्हाळ्याशी जास्त घट्ट बांधलेली. ती मोजायला एखाद-दीड मिलिमीटर जाडीची पट्टी कापून तिचा एक्स-रे काढतात. स्वित्झर्लंडच्या बिर्मेन्सडोर्फमध्ये फ्रिट्झ श्वाइनग्रुबर यांनी हे काम उत्तर गोलार्धभर पसरवलं. खर्च मोठा, म्हणून आता बरेच जण स्कॅनरखाली निळा प्रकाश लाकूड किती परतवतं ते मोजतात. घन लाकूड निळा प्रकाश जास्त शोषतं.

घनतेचे आकडे आबिस्कोच्या 1913 पासूनच्या तापमानाशी ताडायचे, आणि तोर्ने खोऱ्यातली तापमानाची नोंद तर 1802 पर्यंत मागे जाते. अर्ध्या वर्षांवर सूत्र बसवायचं, उरलेल्या अर्ध्यांवर ते खरं ठरतं का बघायचं. ठरलं, तरच मागच्या शतकांना लावायचं.

तसं लावल्यावर काय दिसतं? 1600 च्या फेब्रुवारीत पेरूमध्ये वायनापुतिना ज्वालामुखी फुटला, आणि 1601 चा उन्हाळा उत्तर गोलार्धातल्या झाडांत गेल्या सहाशे वर्षांतला सगळ्यात थंड म्हणून उमटलेला आहे. 536 मध्ये सूर्य वर्षभर चंद्रासारखा निस्तेज होता असं बायझन्टाइन इतिहासकार प्रोकोपियसनं लिहून ठेवलं. त्या वर्षी आणि पुढची काही वर्षं इथल्या पाइनची वलयंही खंगलेली. भूमध्य समुद्राकाठच्या माणसानं आणि लॅपलंडच्या झाडानं एकाच साली एकच गोष्ट नोंदवावी, हे वाचलेलं होतं. त्या काळच्या लाकडाचा फोटो पडद्यावर बघताना अंगावर काटा आला.

आणि शतकांचा संथ उतारसुद्धा. यान एस्पर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये उत्तर स्कँडिनेव्हियाची ख्रिस्तपूर्व 138 पासूनची घनतेची साखळी मांडली. तीत विसाव्या शतकापर्यंत उन्हाळे दर हजार वर्षांना सुमारे 0.3 अंशानं थंड होत गेलेले दिसतात. कारण पृथ्वीच्या कक्षेत आणि आसाच्या कलात होणारे संथ बदल: उत्तरेला उन्हाळ्यात मिळणारं ऊन हजारो वर्षं कमी होत आलं आहे.

शनिवार, नुओल्याच्या चढावर

आकाश मोकळं झालं. नुओल्या डोंगर 1169 मीटरचा. निम्म्याहून वर खुर्चीचा झुला नेतो, पण आम्ही चालत गेलो, कारण झाडांची रेषा पायांनी ओलांडायची होती. बर्च कमरेएवढे झाले, मग गुडघ्याएवढे, मग जमिनीला चिकटलेल्या झुडपांत हरवले. मध्येच क्लाउडबेरी पिकलेल्या, केशरी. समोर लापोर्टेनची ती प्रसिद्ध अर्धगोल खिंड.

बर्चलाही वलयं असतात, पण त्यांचा अर्थ लावणं कठीण. शरदातला एक पतंग अंडी घालतो आणि काही वर्षांच्या अंतरानं त्याच्या अळ्या अख्खी रानं पानांवाचून करतात. 1954-55 मध्ये आबिस्कोचं खोरं असंच उघडं पडलं होतं. त्या वर्षांची अरुंद वलयं बघून कुणी थंडी समजला तर चुकलाच. पाइनवर भर द्यायचं हेही एक कारण.

वर बसल्यावर मी तो प्रश्न काढला जो इथं येण्याआधीपासून मनात होता. आजची तापमानवाढ वेगळीच आहे म्हणणारे आणि पूर्वीही एवढंच गरम होतं म्हणणारे, दोघंही या झाडांचा आधार घेऊन भांडतात, त्यात खरं काय?

ग्रुड यांच्या 2008 च्या कामात तोर्नेत्रेस्कचे मध्ययुगातले काही काळ विसाव्या शतकाच्या अखेरीपेक्षाही उबदार दिसले होते. हे निष्कर्ष खूप फिरवले गेले. नंतर मेल्विन, ग्रुड आणि ब्रिफा यांनीच मिळून सगळी मोजमापं पुन्हा तपासली आणि 2013 मध्ये मांडलं की घनतेच्या जुन्या आणि नव्या मोजणीतच पद्धतशीर फरक शिरला होता, शिवाय जिवंत झाडांची निवडही एकसारखी नव्हती. तो दोष काढल्यावर साधारण 900 ते 1100 हा काळ आणि विसाव्या शतकाचा उत्तरार्ध इथं सारख्याच उबेचे निघाले. ज्यांनी आधीचा आकडा मांडला त्यांनीच तो दुरुस्त केला, याचा मला मनापासून आदर वाटतो.

आता 'मध्ययुगातही एवढंच गरम होतं' म्हणून हात झटकायचे का? मुळीच नाही. हे एका सरोवराच्या आसपासचं चित्र आहे. जगभरच्या अशा नोंदी एकत्र करून 2019 मध्ये दाखवलं गेलं की पूर्वीचे उबदार काळ वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळ्या शतकांत येऊन गेले. विसाव्या शतकाच्या अखेरची ऊब मात्र पृथ्वीच्या 98 टक्के भागावर एकदमच आली. आणि इथला तो हजारो वर्षांचा थंडावत जाणारा कल, जो कक्षेमुळे पुढेही चालू राहायला हवा होता, तो उलटला. 1913 ते 2006 मध्ये आबिस्कोचं वार्षिक सरासरी तापमान अडीच अंशांनी चढून शून्याच्या वर गेलं.

एक खरी अडचण भाचीनं स्वतःहून सांगितली. 1960 नंतर उत्तरेतल्या बऱ्याच ठिकाणी घनता वाढत्या तापमानाबरोबर पुरेशी वाढताना दिसत नाही. ब्रिफा यांनीच 1998 मध्ये याकडे लक्ष वेधलं. उन्हाळे इतके उबदार झाले की झाडाला आता ऊब कमी पडत नाही, दुसरंच काही कमी पडतं, असं एक स्पष्टीकरण. आकडेमोडीच्या पद्धतीचा भाग किती, यावरही वाद आहेत. सगळ्या ठिकाणी हे दिसत नाही, इथं तोर्नेत्रेस्कला त्यातला काही भाग मोजणीतल्या फरकाचाच निघाला. पण टंचाईच संपली तर नोंदही पुसट होणार, हे मंगळवारच्या तिच्या वाक्यातच होतं.

रविवार, बांधाबांध

सकाळी कांड्यांचे गठ्ठे पेटीत, चकत्या प्लॅस्टिकात गुंडाळून वेगळ्या, म्हणजे वाळताना तडकणार नाहीत. हिवाळ्यात एक्स-रे, मग जुळवणी, मग सगळे आकडे आंतरराष्ट्रीय वृक्षवलय कोशात, जिथून ते कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. जगभरच्या पुष्कळ साखळ्या 1970-80 च्या दशकांत जमवलेल्या आणि तिथंच थांबलेल्या आहेत. ज्या दशकांत तापमान सगळ्यात वेगानं वाढलं त्यांचीच वलयं त्यांत नाहीत. जुन्या झाडांकडे पुन्हा जाऊन त्या पुढे आणणं हे दिसायला साधं, पण आज सगळ्यात निकडीचं काम आहे, आणि भाचीचं तेच आहे.

गाडीची वाट बघताना सागाचा विषय निघाला. साग थोड्या वृक्षांपैकी एक, जो उष्ण प्रदेशात असून स्पष्ट वलयं घालतो. कोरड्या ऋतूत पानं गाळतो आणि पावसाळा लागताच मोठ्या छिद्रांची रांग काढतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये केरळच्या सागावरून 523 वर्षांची साखळी मांडली. त्यात एल निनोच्या वर्षांचे मान्सूनचे दुष्काळ अरुंद वलयांच्या रूपात आहेत. इथं ऊब, तिथं पाणी.

"मग तुझ्या वर्गात का नाही करत?" भाची म्हणाली. "बोअरर नको. वखारीतून चकत्या आण, पॉलिश पेपर आण."

एकाच रानातून आलेल्या सागाच्या सात-आठ चकत्या हव्यात. वेगवेगळ्या जिल्ह्यांतला माल असेल तर क्रम जुळणार नाहीत. त्यामुळे ओंडक्यांवर वनखात्याच्या डेपोचे शिक्के असलेली वखार शोधायची. तोडीचं साल कागदावर मिळालं तर सर्वांत बाहेरचं वलय पक्कं होईल आणि तिथून पोरं मागे मोजत 1972 च्या दुष्काळापर्यंत येतील. परत आल्यावर कराडच्या एका वखारवाल्यांशी बोलणं झालं आहे. चकत्या दिवाळीनंतर मिळणार आहेत.